धातूंची मात्रा

मराठी भाषेत 'मात्रा' हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. वैद्यबुवांनी सहाणेवर उगाळून मधातून चाटविलेले औषध, ती मात्रा. ते किती द्यावयाचे ते प्रमाण, तीही मात्रा. आणि एखादा गृहस्थ कोणाचेच ऐकेनासा झाला म्हणजे 'त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा तिसरा अर्थ पुढे येतो. औषध, प्रमाण आणि परिणाम हे तिन्ही एकाच शब्दात गोवले गेले आहेत. आज आम्ही जी हकीकत सांगणार आहोत तिचे सारे मर्म या तीन अर्थांत साठविलेले आहे, म्हणून आरंभीच या शब्दाचे स्मरण केले.

हकीकत आहे धातूंची आणि रोगजंतूंची. जंतूंपुढे औषधांची मात्रा चालेनाशी झाली आहे, ही आज केवळ वैद्यांची चिंता राहिलेली नाही. २०१९ या एका वर्षात जगभर औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे प्रत्यक्ष १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज २०२२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या मरणांत अशा जंतूंचा काही ना काही हात होता ती सारी धरली, तर आकडा ४९ लाखांच्या वर जातो. एवढ्या मोठ्या संकटावर उपाय म्हणून आज ज्याचा गाजावाजा होत आहे, तो धातूंचा सूक्ष्मातिसूक्ष्म कण खरोखर नवा आहे की जुनाच पाहुणा नव्या पोशाखात आला आहे, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रयोगशाळेइतकेच इतिहासातही शोधावे लागते.

प्रथम आपल्या घरातूनच निघू. आमच्या लहानपणी माजघराच्या कोपऱ्यात तिवईवर तांब्याची घागर असे. चिंचेने आणि राखेने ती रोज घासली जाई आणि रात्री भरलेले पाणी दुसऱ्या दिवशी प्यावयाचे असा रिवाज होता. त्याच घरात ताक मात्र तांब्याच्या भांड्यात कोणी ठेवू देत नसे. ते कळकते, हे पोरासोरांनाही ठाऊक होते. स्वयंपाकाच्या तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई हवीच. कल्हईवाला दारी भाता लावून बसला, नवसागराचा धूर निघाला आणि कथलाचा रुपेरी हात भांड्याच्या पोटातून फिरला, की आम्ही मुले तासन् तास पाहत उभी राहत असू. पाण्याच्या घागरीला मात्र आतून कल्हई नसे. एकाच धातूपासून अन्न राखावयाचे आणि त्याच धातूत पाणी ठेवावयाचे, हा भेद आमच्या आजीने कोणत्याही ग्रंथातून शिकलेला नव्हता.

आता या भेदाचा अर्थ लावता येतो. आंबट पदार्थात तांबे भराभर विरघळते, म्हणून ताक कळकते. साध्या पाण्यातही ते विरघळते, परंतु इतके थोडे की जिभेला कळू नये. आणि ते थोडेच जंतूंना पुरेसे होते. २०१२ साली बंगळूरच्या संशोधकांनी पटकी, हगवण व विषमज्वर यांच्या जातकुळीतील जंतू मुद्दाम पाण्यात सोडून ते तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले. त्यानंतर त्या पाण्यातून एकही जिवंत जंतू वाढविता आला नाही, आणि उतरलेले तांबेही सुरक्षित मर्यादेच्या आतच भरले. यावरून 'आमच्या पूर्वजांना जंतुशास्त्र अवगत होते' असे म्हणणारे लोक भेटतात. आम्हांला ते मान्य नाही. पूर्वजांना जंतू ठाऊक नव्हते. त्यांना अनुभव ठाऊक होता. अनुभवाला शास्त्र म्हणणे जसे चूक, तसेच त्याला अडाणीपणा म्हणून हसणेही चूकच होय. आणि हा अनुभव एकट्या आमचाही नव्हे. इराणचा राजा सायरस मोहिमेवर निघाला की ठराविक नदीचे उकळलेले पाणी चांदीच्या भांड्यांत भरून गाड्यांवरून बरोबर नेले जाई, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहून ठेवले आहे.

अनुभवाचे शास्त्र होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. जर्मनीत लाइपझिग येथील प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांच्या रुग्णालयात जन्मलेल्या मुलांपैकी शेकडा दहाच्या आसपास मुलांना डोळ्यांचा एक उग्र रोग होई. जन्माच्या वेळी आईकडून लागणाऱ्या परम्याच्या जंतूंमुळे तो होतो आणि त्यात कित्येकांची दृष्टी कायमची जाई. क्रेडे यांनी १८८० साली प्रत्येक नवजात बालकाच्या डोळ्यांत रौप्यक्षाराच्या, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटच्या, पातळ द्रावाचा एकेक थेंब घालण्याचा परिपाठ सुरू केला. थोड्याच काळात रोगाचे प्रमाण शेकडा अर्ध्याहूनही खाली आले. एका थेंबाने किती मुलांचे डोळे वाचले याची मोजदाद कोणी करू शकणार नाही.

मग प्रश्न आला की इतका थोडा धातू इतके मोठे काम करतो तरी कसा? स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फोन नेगेली पाण्यातील शेवाळावर प्रयोग करीत होते. तांब्याचा नुसता स्पर्श झालेल्या पाण्यातही ते शेवाळ मरते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या पाण्यातील तांबे शोधून काढणेही कठीण, इतके ते अल्प. अल्प प्रमाणात प्रकट होणाऱ्या या शक्तीला त्यांनी ग्रीक शब्दांवरून 'ऑलिगोडायनॅमिक' असे नाव दिले. आम्ही तिला 'अल्पमात्रशक्ती' म्हणू. नेगेली १८९१ साली वारले आणि त्यांचा हा निबंध १८९३ साली, म्हणजे मरणोत्तर, प्रसिद्ध झाला.

याच सुमारास दुसऱ्या बाजूने एक वाट चालत येत होती. १८५७ साली लंडन येथे मायकेल फॅराडे यांनी सोन्याचे इतके बारीक कण पाण्यात तरंगत ठेवले की पाणी माणकासारखे लाल दिसू लागले. धातू अतिसूक्ष्म झाला की त्याचे रूप पालटते, ही गोष्ट तेव्हा प्रथम नीट मांडली गेली. १८८९ साली फिलाडेल्फियाचे कॅरी ली यांनी चांदीचे असेच कण पाण्यात टिकवून धरण्याची रीत प्रसिद्ध केली. आणि ज्या क्रेडे यांनी बालकांचे डोळे वाचविले, त्यांचेच चिरंजीव बेन्नो क्रेडे या ड्रेस्डेनच्या शल्यविशारदांनी १८९७ च्या सुमारास असली तरंगती चांदी जखमांवर व जंतुदोषावर वापरात आणली. ती 'कोलार्गोल' या नावाने युरोपभर विकली जाऊ लागली. आजचा 'नॅनोकण' हा शब्द तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. वस्तू मात्र बाजारात होती.

मग ही विद्या मागे का पडली? कारण तिच्याहून पुष्कळच बलवान अशी औषधे हाती आली. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीत पेनिसिलिन दिसले. १९४० च्या पुढे फ्लोरी व चेन यांनी ते रुग्णापर्यंत पोहोचविले. त्यापूर्वीच १९३५ साली जर्मनीच्या डोमाक यांनी सल्फा औषधांचे दार उघडले होते. पाठोपाठ क्षयावर चालणारे स्ट्रेप्टोमायसीन आले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन आपल्या मातीत तयार होऊ लागले. ज्या घरांत विषमज्वराने वा प्रसूतिज्वराने माणूस हातचा गेलेला होता, त्या घरांना या औषधांचे मोल निराळे सांगावे लागत नव्हते. अशा वेळी चांदीच्या थेंबाकडे कोण पाहणार? घागरी मोडीत गेल्या, स्टीलची पिंपे आली. तसेच हेही झाले.

परंतु जंतू हा मोठा चिवट विद्यार्थी आहे. १९४० साली, पेनिसिलिन अजून रुग्णांना नीट मिळूही लागले नव्हते तेव्हाच, पेनिसिलिन नष्ट करणारे द्रव्य काही जंतूंत असते असे चेन आणि त्यांचे सहकारी एब्राहम यांनी दाखवून दिले. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्याच मताने थोडेसे पेनिसिलिन घेतो. ते जंतू मारण्यास पुरत नाही, पण त्यांना शिकविण्यास पुरते. तेच शिकलेले जंतू त्याच्या पत्नीला लागतात आणि तिच्यावर औषध चालत नाही, ती मरते. दोष कोणाचा, असा प्रश्न फ्लेमिंग यांनी श्रोत्यांपुढे ठेवला. त्यांचा सारा रोख मात्रेवर होता. अपुरी मात्रा म्हणजे शत्रूला दिलेले शिक्षणच होय.

गोष्ट लवकरच खरी ठरली. लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयात १९४८ पर्यंत पू करणाऱ्या जंतूंपैकी निम्म्याहून अधिक जंतू पेनिसिलिनला दाद देईनासे झाले होते. १९५९ साली त्यावर उतारा म्हणून मेथिसिलिन आले. १९६१ सालीच त्याला न जुमानणारे जंतू इंग्लंडात सापडले. पुढे ही शर्यत अशीच चालू राहिली. २००८ साली भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या शरीरात असा जंतू मिळाला की शेवटची राखीव औषधेही तो निकामी करीत होता. त्याच्या विकराला, म्हणजे औषध तोडणाऱ्या प्रथिनाला, आपल्या राजधानीचे नाव जोडले गेले आणि आपल्याकडे मोठा क्षोभ झाला. नावाचा वाद क्षणभर बाजूला ठेवू. आम्हांला त्यातील दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. या विकराच्या गाभ्यात जस्ताचे अणू बसलेले आहेत आणि त्यांच्या बळावरच तो औषध तोडतो. म्हणजे धातूचे शस्त्र केवळ माणसाच्या हाती नाही, ते जंतूच्याही हाती आहे.

औषधे अशी बोथट होऊ लागताच लोकांना जुन्या धातूंची आठवण झाली. भाजलेल्या रोग्यांच्या जखमा हे जंतूंचे माहेरघर. १९६५ साली अमेरिकेत मोयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जखमांवर अर्धा टक्का रौप्यक्षाराच्या पट्ट्या ठेवण्याची रीत पुन्हा चालू केली. १९६८ साली न्यूयॉर्कच्या चार्ल्स फॉक्स यांनी चांदी आणि सल्फा यांची सांगड घातली. भाजल्यावर लावण्याचे जे पांढरे मलम आज गावोगावच्या दवाखान्यांत दिसते, ते हेच.

पुढील पाऊल आकाराचे होते. १९५९ साली अमेरिकन पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनी अणूंच्या पातळीवर वस्तू घडविण्याची कल्पना एका व्याख्यानात मांडली. १९७४ साली जपानच्या तानिगुची यांनी 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द रूढ केला. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. इतके बारीक करून साधते काय, हे एका हिशेबाने पाहू. एक सेंटिमीटर लांब, रुंद व उंच असा चांदीचा ठोकळा घ्या. त्याचे वजन सुमारे साडेदहा ग्रॅम, म्हणजे तोळ्याला किंचित कमी. त्याचा बाहेरचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. आता तोच ठोकळा कापून १० नॅनोमीटरचे ठोकळे केले, तर साऱ्यांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. तोळाभर चांदी सहा गुंठे जमिनीवर पसरावी तसे हे झाले! जंतूची गाठ पृष्ठभागाशीच पडते. म्हणून चांदी तेवढीच राहून तिची शक्ती कितीतरी वाढते. आमच्या पेढ्यावरचा वर्ख ज्या हौसेने ठोकला जातो, तीच हौस येथे शेवटच्या टोकाला गेली आहे.

२००४ साली क्रोएशियातील संशोधकांनी चांदीचे असे कण आतड्यातील 'ई. कोलाय' या जंतूंना मारतात, त्यांच्या भिंतीला खड्डे पाडतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. महाराष्ट्राचा वाटाही येथे नोंदला पाहिजे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली बुरशीकडून चांदीचे नॅनोकण तयार करवून घेतले आणि २००४ साली कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यातून सोन्याचांदीचे कण काढून दाखविले. ज्या बुरशीने जगाला पेनिसिलिन दिले तिच्याच कुळाकडून आता धातू दळून घेण्याची ही युक्ती होती. अमरावती विद्यापीठातील महेंद्र राय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली या साऱ्या विषयाचा घेतलेला परामर्श जगभरच्या अभ्यासकांनी आधारभूत मानला. त्याच वर्षी, पुण्यातील संशोधनातून निघालेल्या भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे कण बसवून केलेला पाणी शुद्ध करण्याचा स्वस्त संच बाजारात आला. तांब्याच्या घागरीचाच हा नातू म्हणावयाचा.

हे कण काम कसे करतात, याविषयी वाद झाला. कण स्वतःच जंतूला भोसकतो की त्यातून सुटणारी विद्युत्भारित चांदी जंतूला मारते? २०१२ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठात प्राणवायू वगळून प्रयोग केला तेव्हा कण जवळजवळ निरुपद्रवी ठरले. यावरून हे दिसले की खरी मारेकरी विरघळलेली चांदीच आहे. कण हा तिचा कोठार आहे. ही चांदी प्रथिनांतील गंधकाला घट्ट धरते, जंतूच्या श्वसनाची व्यवस्था बिघडविते, त्याचे आवरण गळके करते. पेनिसिलिन एका दारावर धक्का देते, तर चांदी चहूकडून घरात शिरते. म्हणूनच 'धातूला जंतू कधी सरावणार नाही' असा एक समज पसरला.

या समजाचे उत्तर इतिहासाने आधीच देऊन ठेवले होते. १९७५ साली बॉस्टनच्या एका रुग्णालयातील भाजलेल्या रोग्यांच्या विभागात असा जंतू उद्भवला की ज्याच्यावर रौप्यक्षाराचा काही इलाज चालेना. काही रुग्ण दगावले. १९९९ साली त्याच्या जनुकांचे कोडे उलगडले. योगायोग असा की ते उलगडणाऱ्या गटाच्या प्रमुखांचे आडनावच 'सिल्व्हर' होते! या जंतूजवळ चांदी पकडून ठेवणारे एक प्रथिन आणि आत आलेली चांदी रहाटासारखी बाहेर उपसणारे पंप सापडले. त्याहून वाईट म्हणजे हे ज्ञान ज्या फिरत्या जनुककड्यावर लिहिलेले होते, तिच्यावरच कित्येक प्रतिजैविकांना तोंड देण्याची विद्याही होती. म्हणजे चांदीचा अविचारी मारा केला तर जंतू दोन्ही विद्या एकदमच शिकतो.

मग नॅनोकण तरी? २०१८ साली चेक देशातील ओलोमोत्स येथील शास्त्रज्ञांनी दाखविले की वारंवार अल्प मात्रेत चांदीचे कण दिले असता जंतू आपल्या शेपटीचे प्रथिन भोवती सोडू लागतात. त्यात कण चिकटून त्यांचे गोळे होतात आणि सहा गुंठ्यांची चांदी पुन्हा ढेकूळ होऊन बसते. जनुके बदलण्याचीही गरज नाही! गंमत अशी की डाळिंबाच्या सालीच्या अर्काने हे प्रथिन रोखता आले. येथेही धडा मात्रेचाच.

तरीही आम्ही निराशेचा सूर लावणार नाही. २०१३ साली बॉस्टनच्या संशोधकांनी दाखविले की अल्पशी चांदी जंतूचे आवरण सैल करते आणि मग निकामी ठरलेली औषधे पुन्हा आत शिरू शकतात. २०१८ साली हाँगकाँग येथे पोटातील व्रणावर पूर्वीपासून दिल्या जाणाऱ्या बिस्मथने त्या जस्तधारी विकरातील जस्त हुसकावून लावले आणि बोथट औषधाला पुन्हा धार आली. धातू हा एकटा लढणारा वीर नव्हे. जुन्या औषधाचा तो चांगला जोडीदार आहे, असा या प्रयोगांचा रोख दिसतो. आज धातुकणांचा खरा उपयोग जखमेच्या पट्ट्या, शरीरात घालावयाच्या नळ्यांचे लेप आणि पाण्याच्या गाळण्या यांत आहे. शिरेतून देऊन शरीरातील जंतुदोष निपटावा असे सर्वमान्य औषध त्यातून अद्याप निघालेले नाही. 'तरंगती चांदी' पोटात घ्या आणि सर्व रोग घालवा, असे सांगणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहिलेले बरे. १९९९ सालीच अमेरिकन सरकारने असल्या औषधांना सुरक्षित वा गुणकारी मानता येत नाही असे जाहीर केले. चांदी दीर्घकाळ पोटात गेल्यास माणसाची कातडी कायमची निळसर करडी होते, हा तर जुनाच अनुभव आहे.

आमच्या गावाबाहेर पूर्वी गायरान असे. ते कोणा एकाचे नव्हते, म्हणून सर्वांचे होते. ज्याने त्याने दोन जनावरे अधिक सोडली आणि एके दिवशी तेथे गवताची काडी उरली नाही. औषधाची शक्ती हे असेच सर्वांचे गायरान आहे. पडशासाठी आपल्या मनाने घेतलेली गोळी, तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून अर्धवट टाकलेले औषध, कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात मिसळलेली पूड, तेल्या रोगासाठी डाळिंबावर मोरचुदाच्या बरोबरीने फवारलेले स्ट्रेप्टोमायसीन, ही सारी त्या गायरानात सोडलेली जादा जनावरे होत. पेनिसिलिनचे गायरान आपण एका पिढीत चरून टाकले. आता धातुकणांचे नवे रान दिसू लागताच मोज्यांना चांदी, टूथब्रशला चांदी, कपडे धुण्याच्या यंत्राला चांदी असा उच्छाद मांडला, तर भाजलेल्या मुलाच्या जखमेवर ठेवण्यासाठी उद्या काय उरेल?

क्रेडे यांनी एकच थेंब घातला आणि तो ज्याला हवा त्या बालकाच्या डोळ्यात, योग्य वेळी घातला. आमच्या आजीने पाणी तांब्यात ठेवले आणि ताक ठेवले नाही. दोघांचेही शहाणपण एकाच जातीचे होते. औषध नवे असो वा जुने, बुरशीचे असो वा धातूचे, प्रमाण सांभाळले तरच परिणाम हाती राहतो. ज्या दिवशी आपण मात्रेचा दुसरा अर्थ विसरू, त्या दिवशी तिचा तिसरा अर्थ आपल्याला सोडून जाईल. आणि मग सहाणेवर सोने उगाळले काय नि चांदी उगाळली काय, जंतूंपुढे कोणाचीच मात्रा चालणार नाही.